छोट्या आगगाडीचा मोठा खटला

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आपल्यापैकी पुष्कळांनी मुलाबाळांसह पाहिले असेल. १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. वीतभर इंजिने धावतात, सिग्नल लाल-हिरवे होतात, आणि मुले काचेला नाक लावून बघत राहतात. माझे लक्ष मात्र नेहमी ते सारे चालवणाऱ्या माणसाकडे जाते. इतक्या गाड्या एकमेकींवर न आदळता फिरतात कशा? या साध्या प्रश्नामागे संगणकाच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा दडला आहे.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी छोट्या रेल्वेचा क्लब काढला. त्यात दोन तऱ्हेची मुले होती. काहींना डबे रंगवण्यात, डोंगर आणि घरे करण्यात गोडी. उरलेली टेबलाखाली शिरायची. तिथे टेलिफोन खात्यातल्या यंत्रांचे सुटे भाग जोडून त्यांनी सांधे आणि वीजप्रवाह सांभाळणारे एक जाळे विणले होते. पुढे संस्थेत संगणक आले, तेव्हा रात्र-रात्र त्यांच्यापुढे बसणाऱ्यांत हीच टेबलाखालची मुले होती. ‘हॅकर’ हा शब्द आज आपण चोराला लावतो. या क्लबात तो कौतुकाचा होता. नामी युक्ती लढवणारा तो हॅकर.

तरी एक अडचण बरीच वर्षे राहिली. रुळात जितकी वीज सोडाल तितका इंजिनाचा वेग. एकाच रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकदम पळणार. म्हणून रुळांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला वेगळे बटण द्यायचे. १९८०च्या दशकात यावर तोडगा निघाला. रुळात वीज कायम राहू द्यायची आणि तिच्यातूनच हुकूम पाठवायचे. प्रत्येक इंजिनात एक बारीक चकती, म्हणजे डिकोडर, आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक. ‘तीन नंबर, हळू चल’ असा निरोप सर्वांपर्यंत जातो, पण ऐकतो फक्त तीन नंबर. शाळेतली हजेरीच म्हणा! जर्मनीच्या लेन्झ कंपनीची पद्धत अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या संघटनेने १९९०च्या दशकात प्रमाण म्हणून स्वीकारली आणि निरनिराळ्या कंपन्यांची इंजिने एका रुळावर नांदू लागली.

हुकूम द्यायचेच, तर संगणकाकडून का देऊ नयेत? कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी जेएमआरआय नावाची प्रणाली लिहिली. ती फुकट तर होतीच, शिवाय तिची मूळ मांडणीही सर्वांसाठी उघडी ठेवली होती. घ्या, वापरा, बदला. अट एवढीच की लिहिणाऱ्यांची नावे पुसू नका आणि काय बदलले ते सांगा.

मॅथ्यू कॅट्झर यांची कंपनी याच कामाची प्रणाली विकत असे. आमच्या पेटंटचा भंग झाला म्हणून तिने जेकबसन यांच्याकडे दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम मागितली. फुकट वाटलेल्या वस्तूबद्दल दोन लाख! जेकबसन डगमगले नाहीत. २००६ साली तेच न्यायालयात गेले. मग आणखी एक गोष्ट बाहेर आली. निरनिराळ्या डिकोडरांची माहिती देणाऱ्या जेएमआरआयच्या फाइली त्या कंपनीच्या मालात सापडल्या, आणि त्यांवरची मूळ नावे गायब होती.

खालच्या न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले की हा फार तर कराराचा भंग. कराराच्या भंगाला नुकसानभरपाई हवी. पण फुकट दिलेल्या वस्तूचे नुकसान मोजणार कसे? १३ ऑगस्ट २००८ रोजी वरच्या न्यायालयाने ते फिरवले. पैसे घेतले नाहीत म्हणून हक्क सोडला असे होत नाही, अट मोडणे हा कॉपीराइटचाच भंग ठरू शकतो, असा त्या निकालाचा आशय. पेटंटचा दावा कंपनीने आधीच सोडला होता. २०१० मध्ये तडजोड झाली आणि जेकबसन यांना एक लाख डॉलर देण्याचे कंपनीने मान्य केले. पैशांपेक्षा नावांचे मोल मानले गेले, हे मला अधिक मोठे वाटते. जगभर लोक वर्गणीसारखे श्रम घालून ज्या प्रणाली उभ्या करतात, त्या सर्वांना या खेळण्यातल्या गाडीच्या निकालाचा आधार मिळाला.

आता हदगावकडे येतो. आम्हाला रेल्वे बघायची तर भोकर किंवा हिमायतनगर गाठावे लागते. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाच्या आखणीत हदगाव आहे, त्यावर चहाच्या टपरीवर रोज चर्चा होते. अशा गावात मी शाळेतल्या चार मुलांना घेऊन जेएमआरआय बसवले, तेही बंद पडलेल्या सायबर कॅफेतल्या जुन्या संगणकावर. त्यातले विंडोज एक्सपी काढून लिनक्स घातले. तेही मुक्त, तेही फुकट. जेएमआरआयला जावा लागते, आणि दोहोंची सोयरीक जुळावी लागते: चौथ्या मालिकेला जावा ८, पाचव्या मालिकेला जावा ११. जुन्या संगणकाला कमी लेखण्याचे कारण नाही. वीज खेळवण्याचे काम वेगळी पेटी करते, संगणक फक्त निरोप देतो. उलट त्या पेटीला जोडायचे जुन्या वळणाचे सीरियल पोर्ट त्याच्या पाठीवर आयतेच असते. नव्या लॅपटॉपला त्यासाठी वेगळा जोड आणावा लागतो. लिनक्समध्ये वापरणाऱ्याचे नाव ‘डायलआउट’ गटात घातले की ते पोर्ट बोलू लागते.

इंजिने आणि ती पेटी घेण्याइतके पैसे अर्थातच आमच्याकडे नव्हते. पण या प्रणालीत पेटी जोडली आहे असे भासवण्याची सोय आहे. मुलांनी पडद्यावर मुदखेड जंक्शन काढायला घेतले. एक रूळ सिकंदराबादकडे, एक आदिलाबादकडे. एका वाटेला हिरवा सिग्नल असताना तिला छेदणारी दुसरी वाट उघडता कामा नये, हा नियम लिहायला त्यांना दोन रविवार लागले. सातवीतल्या एका मुलीने मग विचारले, की आपण केलेले हे जंक्शन दुसऱ्या शाळेला दिले तर आपली नावे त्यावर राहतील ना? मी तिला जेकबसन यांच्या खटल्याची गोष्ट सांगितली. तिने फाइल उघडली आणि सर्वांत वर चौघांची नावे टाइप केली.