उघडी जीप आणि त्र्यंबकचा पाऊस

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालं की सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, रस्त्याला लागूनच महिंद्रचा कारखाना दिसतो. २००२ साली आलेली स्कॉर्पिओ इथलीच आणि २०२० साली आलेली नवी ‘थार’ही इथलीच. त्या थारचा एक प्रकार कापडी छपराचा होता. छप्पर मागे दुमडायचं आणि वारा खात जायचं. तिथून पुढे वीस-बावीस किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये या थारची आजी उभी आहे. १९६६ सालची उघडी जीप.

चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो, तेव्हा हाती आलेल्या पैशातला थोडा भाग मी तिच्यावर घातला. घरात त्यावर जी चर्चा झाली ती इथे सांगण्यासारखी नाही. पण घरच्यांचा मुद्दा चूक नव्हता. जिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग अंगणात उतरलेले असतात, तिथे बिनछपराची गाडी घेणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही.

खरं सांगायचं तर तरुणपणी माझ्या डोळ्यांसमोर जीप नव्हती. एका इंग्रजी मासिकात एम.जी. कंपनीच्या दोन आसनी गाडीचं चित्र पाहिलं होतं. लांब नाक, तारांची चाकं आणि डोक्यावर मोकळं आभाळ. युद्ध संपल्यावर १९४५ ते १९४९ या काळात या कंपनीने ‘टीसी’ नावाच्या दहा हजार गाड्या बनवल्या. इंग्लंडमध्ये राहून गेलेल्या अमेरिकी सैनिकांना त्यांची गोडी लागली आणि स्पोर्ट्स कारचं वेड अटलांटिकपार गेलं. आपल्याकडे मात्र ते चित्रापुरतंच राहिलं. त्याचं कारण समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला हवं.

आज उघडी गाडी ही चैन समजली जाते. सुरुवातीला परिस्थिती नेमकी उलट होती. मोटार जन्मली तीच मुळी उघडी. घोडा सोडलेला टांगाच म्हणा ना. अमेरिकेत १९१९ साली दहातल्या नऊ गाड्या उघड्या होत्या. बंद गाडी म्हणजे सुताराने आणि काच बसवणाऱ्याने महिनोन् महिने केलेलं काम, ते श्रीमंतांनाच परवडे. पुढे पोलादी पत्रा साच्यात दाबून अख्खं अंग तयार करण्याची युक्ती साधली, बंद गाडी स्वस्त झाली आणि १९२९ पर्यंत दहातल्या नऊ गाड्या बंद झाल्या. साऱ्या जगाला छप्पर मिळालं, तेव्हा कुठे बिनछपराची गाडी हौसेची झाली.

ही हौस आपल्यापर्यंत पोचेपर्यंत दार बंद झालं होतं. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ साली गाड्या जोडायला सुरुवात केली होती, फोर्डही त्या सुमारास आली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं की नुसते परदेशी भाग आणून जोडणाऱ्यांनी इथे राहू नये. जो सुटे भाग इथेच घडवेल त्यानेच गाड्या कराव्यात. १९५४ च्या सुमारास या दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. उरल्या मोजक्या देशी गाड्या आणि त्यांच्यासाठी वर्षानुवर्षांची नोंदणी. स्पोर्ट्स कार कोण आणणार? मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची ‘हेराल्ड’ १९६१ मध्ये आली, तेव्हा हौशी मंडळींनी एक गंमत शोधून काढली. तिची चासी वेगळी होती आणि छप्पर नटबोल्टांनी बसवलेलं होतं. बोल्ट काढले की गाडी उघडी! पुढे फार उशिरा सॅन मोटर्सची फायबरच्या अंगाची ‘स्टॉर्म’ आली. आपल्या अलिबागजवळ कार्लेखिंडीत ‘चिंकारा’ नावाची दोन आसनी उघडी गाडी हाताने बांधली जाऊ लागली. तिला इंजिन होतं इसुझूचं, तेच जे हिंदुस्तान मोटर्स अ‍ॅम्बॅसेडरला बसवत असे. पण या गाड्या अगदी थोड्या लोकांच्या दारात गेल्या.

मग सामान्य माणसाने उघडी गाडी पाहिली ती कोणती? जीप. मामलेदाराची, फौजदाराची, निवडणुकीच्या प्रचाराची, धरणावरच्या इंजिनीअरची. महायुद्धात विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सव्वासहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. के. सी. महिंद्र तेव्हा भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. तिथे त्यांची गाठ बार्नी रूस या अभियंत्याशी पडली. जीपचं इंजिन नावारूपाला आणणारा तो हाच. ऑक्टोबर १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी निघाली. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीच्या नावात दुसरा ‘महिंद्र’ आला. त्याआधीच, १९४७ साली, विलिजच्या ७५ जीप सुट्या भागांत मुंबईत उतरल्या होत्या.

माझी जीप या घराण्यातली ‘सीजे-३बी’. तिचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच आहे, त्यालाही कारण आहे. हिच्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ एवढंच चाललं. आपल्याकडे ते त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिलं.

मला ती मिळाली दिंडोरी तालुक्यात, एका शेतकरी कुटुंबाच्या आंब्याखाली. मागच्या बाजूला कोंबड्यांचा मुक्काम होता. मी आमच्या मिस्त्रींना घेऊन गेलो. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याला दोरी. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली वाकले आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत पुढून मागे गेले.

मी विचारलं, ‘‘काका, इंजिन नाही बघायचं?’’

‘‘इंजिन पैशानं होतं साहेब. चासी सडली तर ती पैशानं होत नाही.’’

जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य लिहून ठेवावं. आवाज खणखणीत आला तर पत्रा जिवंत, भद भद आला तर आतून गेलेला. आमची जीप पाट्यांच्या टेकूजवळ भद वाजली, बाकी ठीक होती. तिथे जोडकाम करून घेतलं. तळाचा पत्रा मात्र पूर्ण बदलावा लागला. आधीच्या कोणीतरी सडक्या पत्र्यावर बोटभर लांबी भरून वरून रंग फासला होता. लांबीखाली गंज सुखाने नांदतो, हे तेव्हा कळलं.

पहिल्या पावसाळ्यात आम्ही तिच्याकडून आणखी बरंच शिकलो. ताडपत्रीचं हूड ओलं असताना कधीही दुमडायचं नाही, चार दिवसांत बुरशी धरते आणि शिवण कुजते. रबरी मॅट उचलून खालचा पत्रा कोरडा करायचा आणि पाणी जाण्याची भोकं चिखलाने बुजलेली नाहीत ना, हे पाहायचं. ओढ्यातून गाडी गेली असेल तर गिअरचं ऑइल तपासायचं. दुधासारखं पांढरट दिसलं की आत पाणी शिरलं म्हणून समजा. ब्रेकचं ऑइलही हवेतली ओल ओढून घेतं, ते दर दोन वर्षांनी बदललेलं बरं. जुन्या जीपच्या चारही चाकांचे ब्रेक एकाच नळीच्या जाळ्यावर चालतात. कुठेही गळती झाली तर चारही जातात.

हे मला श्रावणातल्या एका संध्याकाळी कळलं. उतारावर पायाखालचं पेडल एकदम फळीला टेकलं. वेग कमी होता, गिअर खाली घेतला, गाडी हळूहळू रस्त्याकडेच्या मुरुमाच्या ढिगात जाऊन थांबली. दोष माझाच. मागची नळी गंजलेली दिसली होती आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं मी म्हणालो होतो. दोन दिवसांवर तिसरा सोमवार होता. ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेल्या हजारो माणसांनी तो रस्ता भरून जाणार होता. त्या रात्री मला झोप आली नाही. जुनी गाडी जपणं हा नुसता आपला छंद नसतो. रस्त्यावरच्या दुसऱ्यांच्या जिवाचाही त्यात प्रश्न असतो. दुसऱ्याच दिवशी चारही चाकांच्या नळ्या नव्या टाकल्या.

आता इंजिनाचं. तिच्यात मूळचं हरिकेन नव्हतंच. ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन होतं. १९६३ साली महिंद्रने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली आणि त्याच जातकुळीचं डिझेल इंजिन पुढे जीपमध्ये आलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकलं, तेव्हा गावोगावच्या पेट्रोल जीपनी पोटातलं इंजिन बदलून घेतलं. पुढे पेजोच्या परवान्याने महिंद्रची डिझेल इंजिनं आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीला बनू लागली. शेतकऱ्यांच्या दृष्टीने डिझेलचा आणखी एक गुण होता. पेट्रोल इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ओल गेली की ठिणगी पडत नाही आणि गाडी जागीच बसते. डिझेलला ठिणगी लागतच नाही. आमच्याकडच्या पावसात हा हिशोब अगदी सरळ होता.

जाणकार मित्र मात्र म्हणाले, ‘‘हे काढून टाक. मुंबईला चोर बाजारात, कुर्ल्याच्या भंगारात शोध, हरिकेन मिळेल. मूळ रूपात आण.’’ याला कायद्याचाही आधार होता. २०२१ सालच्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार. पण इंजिन किंवा चासी बदललेली गाडी त्यात बसत नाही. तिला चारचौघींसारखं दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयात तपासणीसाठी उभं राहावं लागतं, पर्यावरण करही भरावा लागतो.

मी दोन महिने विचार केला. जुन्या मालकांच्या घरी पुन्हा गेलो. आजीबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं की जीपला हे इंजिन बसवलं त्या वर्षी घरात पैसे नव्हते, म्हणून बैलजोडी विकली होती. याच इंजिनावर द्राक्षांच्या पेट्या नाशिकला गेल्या, याच गाडीतून अवघडलेल्या सुना रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचल्या. शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘दादा, ते इंजिन काढणार का तुम्ही?’’

मूळ रूप म्हणजे नेमकं कुठल्या वर्षाचं रूप? कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाचं? तो एक दिवस खरा आणि पुढची पन्नास वर्षं खोटी, असं कसं म्हणायचं? संग्रहालयात ठेवायला सीजे-३बी जगभरात आहेत, अमेरिकेतच दीड लाखाहून जास्त झाल्या. पण टंचाईच्या काळात आपल्या मिस्त्रींनी, पत्राकाम करणाऱ्यांनी, हूड शिवणाऱ्यांनी जे केलं, त्याचा पुरावा या बदललेल्या गाड्यांतच आहे. त्याला ‘जुगाड’ म्हणून हसण्याची पद्धत आहे. मला त्यात हिशोब दिसतो, हुन्नर दिसतो आणि वस्तू टाकून न देण्याची शिस्तही दिसते.

शिवाय एक अडचण आहेच. ताडपत्रीचं हूड मापाने शिवणारा कारागीर शोधायला मला तीन गावं फिरावी लागली. तो सापडला, पण त्याचा मुलगा या धंद्यात नाही. आमच्या मिस्त्रींचाही नाही. गाडी एकवेळ टिकेल, ती दुरुस्त करणारे हात टिकतील का, ही काळजी मोठी आहे. म्हणून आता दर रविवारी शेजारची दोन पोरं शेडमध्ये येतात. काका खुर्चीवर बसून सांगतात, पोरं करतात, मी कंदील धरतो.

इंजिन ठेवलं. ‘व्हीए’ क्रमांक मिळणार नाही, हरकत नाही. आर.सी. पुस्तकात डिझेलची नोंद आहे, ब्रेक नवे आहेत, चासी ठोकली की खणखणीत वाजते. गेल्या दिवाळीत आजीबाईंना पुढच्या सीटवर बसवून गोदावरीच्या काठाने एक चक्कर मारून आणली. हूड मागे टाकलं होतं. पदर डोक्यावर घट्ट धरून त्या वाटभर काही बोलल्या नाहीत. घरी उतरताना एवढंच म्हणाल्या, ‘‘आवाज तोच आहे.’’