कोण कोणाचं काय लागतं? ‘स्प्लाइस’ आणि प्रेक्षकांची शिसारी

आजचा सिनेमा जरा नकोसा वाटणारा आहे. ज्यांनी पाहिलाय त्यातल्या अनेकांना तो आवडलेला नाही, आणि आपला आजचा विषय तेच ‘न आवडणं’ आहे. आधीच सांगून ठेवतो, शेवटासकट सगळी गोष्ट सांगणार आहे. पाहायचा राहिला असेल तर आधी पाहून या. बरोबर लहान मुलं असतील तर हा भाग नंतर ऐका.

तर तारीख ४ जून २०१०, शुक्रवार. अमेरिकेत ‘स्प्लाइस’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक व्हिन्चेन्झो नताली, ‘क्यूब’वाला. एड्रियन ब्रॉडी आणि सारा पॉली मुख्य भूमिकांत, निर्मात्यांमध्ये गिएर्मो देल तोरोचं नाव.

अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची एक संस्था आहे. तिची माणसं पहिल्या दिवशी थिएटरच्या दाराशी उभी राहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या हातात एक कार्ड देतात आणि शाळेसारखी श्रेणी मागतात, ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत. आता पहिल्याच दिवशी येणारा माणूस हौसेनं, स्वतःच्या खिशातले पैसे घालून आलेला असतो. त्यामुळे तो सहसा उदार असतो आणि सामान्य सिनेमालाही ‘बी’ देऊन जातो. ‘स्प्लाइस’ला मिळाला ‘डी’. म्हणजे लोक नुसते कंटाळले नव्हते, चिडले होते. आणि गंमत बघा, त्याच सिनेमाला बहुतांश समीक्षकांनी चांगलं म्हटलं होतं. तिकीटबारीवर मात्र अमेरिकेत जेमतेम एक कोटी सत्तर लाख डॉलर जमले. सिनेमाचा खर्च त्याहून बराच जास्त होता.

का चिडले लोक? एक सोपं उत्तर आहे. जाहिरात राक्षसपटाची होती. प्रयोगशाळा, विचित्र प्राणी, किंकाळी. त्यातलं सगळं मिळालं, पण त्याच्याबरोबर भलतंच काहीतरी मिळालं. हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. त्या ‘भलत्या’ गोष्टीकडे जरा नीट बघू.

क्लाइव्ह आणि एल्सा. एकत्र राहणारं, एकत्र काम करणारं शास्त्रज्ञ जोडपं. वेगवेगळ्या प्राण्यांची जनुकं जोडून त्यांनी मांसाच्या गोळ्यासारखे दोन जीव तयार केलेत, एक नर, एक मादी, नावं फ्रेड आणि जिंजर. त्यांच्यापासून एक औषधी प्रथिन मिळणार म्हणून कंपनी खूश आहे. आता एल्साला माणसाचं जनुक वापरून बघायचंय. कंपनी नाही म्हणते. मग हे दोघं गुपचूप करतात. त्यातून जन्मते ड्रेन. भराभर वाढणारी, शेपटी असलेली, न बोलणारी, पण अक्षरांचे ठोकळे लावून शब्द जुळवणारी मुलगी.

इथपर्यंत प्रेक्षक बरोबर असतो. एल्सा तिला फ्रॉक घालते, बाहुली देते. मग कळतं की ‘अनोळखी दात्याचं’ म्हणून वापरलेलं मानवी जनुक खुद्द एल्साचंच आहे. पुढे ड्रेन ऐकेनाशी होते आणि एल्सा तिच्यावर तेच अत्याचार करते जे तिच्या आईनं तिच्यावर केले असावेत, असं सिनेमा सुचवत असतो. त्याच्यापुढे क्लाइव्ह, ज्यानं बापाच्या जागी असायला हवं, तो ड्रेनशी शरीरसंबंध ठेवतो. शेवटी ड्रेनचं लिंग बदलतं, तिचा ‘तो’ होतो आणि एल्सावर बलात्कार करतो.

प्रेक्षकांचा धीर सुटला तो या टप्प्यावर. काही ठिकाणी लोक हसले. भीतीच्या सिनेमात भलत्या ठिकाणी आलेलं हसू हे बऱ्याचदा अवघडल्याचं लक्षण असतं. आणि हे अवघडणं कशाबद्दल होतं, तर नात्याबद्दल. आपल्या मराठीत तर प्रत्येक नात्याला वेगळा शब्द आहे, आत्या वेगळी, मावशी वेगळी, काकू वेगळी. पण ड्रेन एल्साची कोण? मुलगी? अर्धी बहीण? प्रयोगातला उंदीर? आणि क्लाइव्हची? ‘कोण कोणाचं काय लागतं’ याचं उत्तर सिनेमा देत नाही. पात्रं मात्र ते आपल्या सोयीनं बदलत राहतात. लाड करायचे तेव्हा मुलगी, बांधून ठेवायचं तेव्हा नमुना.

ताडून बघायला दुसरा सिनेमा घ्या, ‘जुरासिक पार्क’, १९९३. तोही जनुकांच्या जोडकामाचाच. डायनासोरच्या डीएनएतल्या मोकळ्या जागा बेडकाच्या डीएनएनं भरलेल्या. तिथेही जीव हाताबाहेर जातात, तिथेही माद्यांचे नर होतात. माणसं तर ‘स्प्लाइस’पेक्षा जास्त मरतात. तरी जगानं तो डोक्यावर घेतला. आपल्याकडे पुढच्या वर्षी त्याची हिंदी आवृत्ती आली आणि इंग्रजी न समजणाऱ्या प्रेक्षकांनीही गर्दी केली. का? कारण टी-रेक्स कोणाचाच कोणी लागत नाही. त्याच्यापासून पळायचं, बस्स. नाती सांभाळायची भानगडच नाही.

म्हणजे शिसारी ना जनुकांच्या विज्ञानाची आहे, ना दोन प्राण्यांच्या मिश्रणाची. मिश्रण म्हणाल तर आपल्या देवघरात हत्तीचं डोकं असलेला देव बसतो आणि आपण त्याला मोदक देतो. पण गणपतीला आई आहे, बाप आहे, भाऊ आहे, तो कोणाचा कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आता थोडं मागे जाऊ, कारण ही शिसारी २०१० ची नाही. १८९६ मध्ये एच. जी. वेल्स यांची ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’ ही कादंबरी आली. ब्रिटनमध्ये तेव्हा जिवंत प्राण्यांवरच्या शस्त्रक्रियांवरून मोठा वाद चालू होता. ‘जनुक’ हा शब्दही नव्हता, त्यामुळे मोरो सुरी वापरतो आणि प्राण्यांची माणसं करतो. १९३२ च्या शेवटी पॅरामाउंटनं त्यावर ‘आयलंड ऑफ लॉस्ट सोल्स’ काढला. मोरोच्या भूमिकेत चार्ल्स लॉटन. वेल्सना सिनेमा मुळीच आवडला नाही. ब्रिटिश सेन्सॉरनं १९३३ मध्ये त्याला परवानगी नाकारली आणि तिथल्या प्रेक्षकांना तो अधिकृतपणे दिसायला १९५८ उजाडलं, तोही कात्री लावून. पंचवीस वर्षं!

या सिनेमात कादंबरीत नसलेली एक गोष्ट घातली होती, पँथरपासून बनवलेली बाई, लोटा. तिच्यासाठी पॅरामाउंटनं देशभर स्पर्धा घेऊन मुलगी निवडली होती. आणि मोरोचा बेत काय, तर बेटावर आलेल्या पाहुण्याशी तिचा संबंध जुळवून आणायचा आणि मूल होतं का ते बघायचं. म्हणजे नातं हाच प्रयोग. ‘निसर्गाविरुद्ध’ असा आक्षेप या सिनेमावर घेतला गेला. त्यावर लॉटनची बायको म्हणाली म्हणे, की मग मिकी माउसही निसर्गाविरुद्धच आहे की!

ही बायको कोण, तर एल्सा लँचेस्टर. १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मधली ती वधू. त्यातला शास्त्रज्ञ होता कॉलिन क्लाइव्ह. एल्सा आणि क्लाइव्ह. ‘स्प्लाइस’मधली नावं तिथूनच आलीत. नताली जुन्या घराण्याचं नाव लावूनच आला होता.

त्याला कल्पना सुचली ती मात्र एका फोटोवरून. पाठीवर माणसाचा कान उगवलेला तो उंदीर आठवतो? १९९०च्या दशकात तो जगभर गाजला. चार्ल्स व्हाकांटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम. त्यात जनुकांशी कोणी खेळलं नव्हतं. विरघळणाऱ्या पदार्थाचा कानाच्या आकाराचा साचा केला, त्यावर गाईच्या कूर्चेच्या पेशी वाढवल्या आणि तो साचा उंदराच्या कातडीखाली बसवला. उद्देश काय, तर कान गमावलेल्या किंवा कानाशिवाय जन्मलेल्या मुलांना कान देता यावा. पण १९९९ मध्ये न्यू यॉर्क टाइम्समध्ये जनुकीय तंत्रज्ञानाच्या विरोधात पानभर जाहिरात आली आणि तिच्यात हाच उंदीर ‘जनुकीय बदल केलेला’ म्हणून छापला. बघा, शिसारी किती सहज चुकीच्या पत्त्यावर जाते ती. मुलांसाठी केलेला कान राक्षस ठरला.

म्हणून लोकांची शिसारी फेकून द्यायची का? ‘तुम्हाला विज्ञान कळत नाही’ म्हणायचं आणि पुढे जायचं? इथे दोन खऱ्या घटना सांगतो.

पहिली. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका जिवाचा डीएनए दुसऱ्यात जोडून तो चालतो हे दाखवलं. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमार इथे शास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी स्वतःच स्वतःवर मर्यादा घालून घेतल्या. पण ती आपापसातली बैठक होती. पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात हार्वर्डला अशी प्रयोगशाळा बांधायची होती. तिथले महापौर आल्फ्रेड व्हेलुची यांनी हा विषय थेट नगर परिषदेच्या जाहीर सुनावणीत आणला. फ्रँकेन्स्टाइनचं नाव तेव्हाही निघालं. शास्त्रज्ञांपैकी कित्येकांना तो पोरखेळ वाटला. पण झालं काय? काही महिने काम थांबवलं, शास्त्रज्ञ नसलेल्या नागरिकांची समिती नेमली, त्यांनी विषय समजून घेतला आणि १९७७ मध्ये अटी घालून परवानगी दिली. शहरानं स्वतःचा नियम केला. पुढे त्याच केंब्रिजमध्ये जैवतंत्रज्ञान कंपन्यांची रांग लागली. म्हणजे घाबरलेल्या लोकांना खुर्ची दिली, माहिती दिली, वेळ दिला, तर ते ‘नको’वरच अडून बसतात असं नाही.

दुसरी घटना, नोव्हेंबर २०१८, हाँगकाँग. मानवी जनुकसंपादनावरची आंतरराष्ट्रीय परिषद. चिनी शास्त्रज्ञ हे जियानकुई यांनी जाहीर केलं होतं की त्यांनी गर्भावस्थेच्या आधीच जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्या आहेत. एचआयव्हीपासून संरक्षण मिळावं म्हणून सीसीआर-५ नावाचं जनुक बदललं, असं त्यांचं म्हणणं. ते मंचावर आले तेव्हा समोर नुसते शास्त्रज्ञ आणि पत्रकार बसले होते, म्हणजे जगातला सगळ्यात जाणकार प्रेक्षकवर्ग. आणि त्यांचीही प्रतिक्रिया संतापाचीच होती! परिषदेचे अध्यक्ष डेव्हिड बाल्टिमोर यांनी हे बेजबाबदार आहे असं तिथेच सांगितलं. हे बाल्टिमोर १९७५ च्या असिलोमार परिषदेच्या आयोजकांपैकी एक. पुढे हे जियानकुई यांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

आता त्या सभागृहातले प्रश्न कोणते होते बघा. तंत्राबद्दल होतेच. पण त्याच्या जोडीला, आईबापांना नीट समजावून सांगितलं होतं का? संमती कोणी घेतली? या मुलींची पुढची काळजी कोण घेणार? म्हणजे फिरून तिथेच. या मुली तुमच्या कोण लागतात? रुग्ण, की प्रयोग?

म्हणून मला वाटतं, २०१० च्या त्या ‘डी’मध्ये अडाणीपणा कमी आणि शहाणपण जास्त होतं. लोकांना जनुकांचं जोडकाम कळलं नसेल. पण दोन शिकलेली माणसं एका जिवाला जन्माला घालतात आणि तिचं काय लागायचं ते स्वतःच्या सोयीनं ठरवतात, हे त्यांना बरोबर कळलं. घोळ एवढाच झाला की दोष त्यांनी सिनेमाला दिला. आरशाला ‘डी’ देऊन आले.

जाता जाता सिनेमातलंच एक दृश्य. कंपनी भागधारकांसमोर फ्रेड आणि जिंजरला थाटात सादर करते. जिंजरचा दरम्यान नर झालेला असतो आणि कोणाच्या ते लक्षात आलेलं नसतं. दोन नर एकमेकांना फाडतात, काचेची टाकी फुटते आणि पहिल्या रांगांतले सुटाबुटातले लोक रक्तात न्हातात. किंकाळ्या, पळापळ. सिनेमातल्या प्रेक्षकांची ही प्रतिक्रिया! पण शेवटचा प्रसंग आठवा. सगळं उद्ध्वस्त झालंय, क्लाइव्ह मेलाय, एल्साच्या पोटात ड्रेनचं मूल आहे, आणि कंपनीची प्रमुख शांतपणे तिच्यासमोर कागद ठेवते. ड्रेनच्या शरीरातून मिळालेल्या रसायनांवर पेटंट घ्यायचं चाललंय, हे मूल वाढव, भरपूर पैसे देऊ.

किंचाळणारे घरी गेले, करार टेबलावर राहिला. शिसारी दोन तासांत ओसरते. तिच्या मागचा प्रश्न कोणीतरी नगर परिषदेत, न्यायालयात, संसदेत नेऊन मांडावा लागतो, तरच तिचा काही उपयोग. केंब्रिजच्या लोकांनी तो मांडला होता.

तुम्ही ‘स्प्लाइस’ पाहिला असेल तर कोणत्या क्षणी नको झालं ते जरूर कळवा. तो क्षण प्रयोगशाळेतला होता की घरातला, तेही लिहा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.