साताची उणीव

वर्तुळाच्या परिघाचें व्यासाशीं जें गुणोत्तर, त्यास गणितांत ‘पाय’ म्हणतात, हें श्रोत्यांना शाळेपासून ठाऊक असेलच. त्याचीं दशांशस्थळें कधींच संपत नाहींत. विल्यम शँक्स या इंग्रज शाळाचालकानें हातानें आकडेमोड करून १८५३ सालीं ६०७ स्थळें काढलीं आणि १८७३ सालीं तीं ७०७ वर नेलीं. केवढी ही चिकाटी!

ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञांनीं (यांचा जन्म आपल्याकडील मदुरेचा) आरंभींच्या ३ सह त्या ६०८ अंकांत कोणता अंक किती वेळां येतो, तें मोजलें. प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें ६१ यावेत. पण सात आला अवघा ४४ वेळां! त्यांना हें चमत्कारिक वाटलें.

पुढें डी. एफ. फर्ग्युसन यांनीं निराळ्या सूत्रानें गणित केलें आणि ५२८ व्या स्थळापासून शँक्सचे अंक चुकल्याचें १९४६ सालीं प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून साताच्या उणिवेनेंच ही चूक सुचविली होती, असें सांगण्याची रीत पडली आहे. गोष्ट मोठी गोड, पण मला ती पटत नाहीं. कारण पहिल्या ५०० स्थळांत, म्हणजे चुकीच्या पुष्कळ अलीकडे, खऱ्या ‘पाय’मध्येंही सात ३६ वेळांच येतो; सरासरीनें तो ५० वेळां हवा. उणीव बव्हंशीं तेथलीच होती. त्यापुढील ५०० स्थळांत तोच सात ५९ वेळां येतो. परंतु तेथें शिरतांच शँक्स वाट चुकले होते, आणि १८८२ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांना तें कळलें नाहीं.