घुमारा आणि ‘वन्स मोअर’

बुटीबोरीत औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने घरीच ध्वनिमुद्रित केलेले एक गाणे मला ऐकायला दिले. शब्द त्याचेच, वडिलांच्या रात्रपाळीवर लिहिलेले. भिंतींना गाद्या टेकवून, पंखा बंद करून, ट्रकांची वर्दळ थोडी ओसरल्यावर तो गायला होता. नंतर मात्र संगणकावर त्याने त्यावर इतका रिव्हर्ब चढवला की एक शब्द धड कळेना. असे का केलेस, असे विचारल्यावर तो म्हणाला, “सर, माझं बोलनं इकडचं आहे ना. घुमलं का झाकून जाते.”

या उत्तराने मी अस्वस्थ झालो. त्याचे कारण पुढे सांगतो.

गाद्यांची युक्ती जुनीच आहे. १८९५ साली हार्वर्डमधील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात, म्हणून वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे त्यावर उपाय शोधण्याचे काम आले. तो रात्री जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून मांडी आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजी. रिकाम्या सभागृहात हा वेळ सुमारे साडेपाच सेकंद होता. म्हणजे एक शब्द विरण्याआधी वक्ता पुढचे सबंध वाक्य बोलून जाई.

आपल्याकडे संगीत नाटकाला मात्र असा थोडा घुमारा हवाच असे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. नटाच्या आवाजात नाट्यगृह आपली भर घाली आणि प्रेक्षक ‘वन्स मोअर’ची. समीक्षकांनी या ‘वन्स मोअर’ला नाट्याचा रसभंग म्हणून पुष्कळ झोडपले आहे, आणि ते चूक होते असे नाही, पण गायकाला आपले गाणे पोहोचले की नाही हे तेथल्या तेथे कळे, हेही खरे.

ध्वनिमुद्रिकेने या दोन्ही गोष्टी काढून घेतल्या. १९०२ साली फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले, तेव्हापासून विजेवरचे ध्वनिमुद्रण रुळेपर्यंत गायकाला कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावे लागे. कर्णा जवळचा, जोरकस आवाज टिपी. खोली त्याच्या हाती फारशी लागत नसे. जुन्या तबकड्या ऐकताना गायक कोठेच उभा नाही असे वाटते ते यामुळे. तीन-साडेतीन मिनिटे, आणि मग सुईची खरखर.

ही हरवलेली खोली १९४९ च्या ‘महल’मध्ये परत आली. खेमचंद प्रकाश यांना ‘आयेगा आनेवाला’च्या आरंभी आवाज दुरून येत असल्याचा भास हवा होता. यंत्राची सोय नव्हती. तेव्हा मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला गेला आणि लता मंगेशकर कोपऱ्यापासून गात गात त्याच्याकडे चालत आल्या; ही आठवण त्यांनी स्वतःच सांगितली आहे. यामागचे शास्त्र सोपे आहे. मायक्रोफोनपासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, पण भिंतींवरून परतणारा जवळपास तेवढाच राहतो. दूर असताना खोली जास्त ऐकू येते, जवळ आल्यावर कंठ. शब्द बुडत नाहीत, कारण गाणारी व्यक्ती त्या घुमाऱ्यातून बाहेर येत असते.

याच गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव मात्र ‘कामिनी’ असे, चित्रपटातील पात्राचे छापले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे खरे नाव विचारण्याचा सपाटा लावला आणि शेवटी ते जाहीर करावे लागले. ‘वन्स मोअर’ बंद पडला नव्हता. तो आता टपालाने येत होता.

आता माझ्या अस्वस्थतेविषयी. दोन वर्षांपूर्वी भर वर्गात ‘न’ आणि ‘ण’वरून या मुलाला मीच टोकले होते. भाषेच्या अध्यापकाचा तो हक्कच आहे असे तेव्हा वाटले. रिव्हर्बचे ते जाड पांघरूण त्याने कोणापासून लपण्यासाठी घेतले, हे त्याने मला सांगितले नाही. मीही विचारले नाही. ‘महल’ची हकीकत तेवढी सांगितली.

पुढच्या आठवड्यात त्याने नवे ध्वनिमुद्रण आणले. पहिल्या दोन ओळी दाराच्या उंबऱ्यावरून, वडील पाळीवरून परततात तेथून. पुढचे सारे फोनच्या अगदी जवळ, रिव्हर्ब नावापुरता. ‘पाणी’चे ‘पानी’ स्वच्छ ऐकू येते. वर्गात लावले तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी “अजून एकदा लाव ना बे” म्हणाले. दुसऱ्या कडव्यात एका ट्रकचा हॉर्न शिरला आहे. तो काढू का, असे त्याने विचारले. मी राहू दे म्हटले.