रहस्यकथांच्या आधारे वाचन व तर्कशिक्षण

रहस्यकथांच्या आधारे वाचन व तर्कशिक्षण ही शालेय विद्यार्थ्यांचे वाचन, आकलन आणि अनुमानक्षमता विकसित करण्यासाठी गुप्तहेरकथांचा उपयोग करणारी अध्यापनपद्धती होय. वाक्ये अस्खलित वाचता येऊनही त्यांतील अव्यक्त अर्थ न उमगणे ही अनेक विद्यार्थ्यांची अडचण असते. रहस्यकथेत लेखकाने न सांगितलेली गोष्ट शोधणे हाच वाचनाचा हेतू असल्याने या अडचणीवर ती विशेष उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

एडगर ॲलन पो यांची १८४१ मध्ये प्रसिद्ध झालेली 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' ही आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात मानली जाते. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ मध्ये शेरलॉक होम्स हे पात्र वाचकांसमोर आणले. जर्मन लेखक एरिक केस्टनर यांच्या 'एमिल अँड द डिटेक्टिव्हज' (१९२९) या कादंबरीत मुलेच चोराचा माग काढतात. डोनाल्ड सोबोल यांच्या १९६३ पासून प्रसिद्ध झालेल्या 'एन्सायक्लोपीडिया ब्राऊन' मालिकेत प्रकरणांची उकल पुस्तकाच्या शेवटी दिलेली असते. त्यामुळे वाचकाला आधी स्वतः उत्तर शोधता येते.

मराठी साहित्यातील परंपरा

मराठीत बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार आणि काळापहाड ही त्यांची पात्रे वाचनालयांतून घरोघरी पोहोचली. या कथा मुख्यतः प्रौढांसाठी असल्या, तरी अनेकांना वाचनाची गोडी त्यांनीच लावली.

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी खास मुलांसाठी फास्टर फेणे हा नायक निर्माण केला. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो आणि चपळाई व निरीक्षण यांच्या बळावर संकटांतून मार्ग काढतो. भागवतांचाच बिपिन बुकलवार हा पुस्तकवेडा मुलगा आहे. सत्यजित राय यांच्या १९६५ मध्ये बंगालीत सुरू झालेल्या फेलूदा कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या.

अध्यापनाची पद्धत

वर्गात कथा एकदम पूर्ण वाचली जात नाही. ठरावीक टप्प्यांवर वाचन थांबवून विद्यार्थ्यांना पुढील घटनेचा अंदाज विचारला जातो आणि त्या अंदाजाला आधार देणारे वाक्य कथेतून दाखवण्यास सांगितले जाते. विद्यार्थी 'काय दिसले', 'त्यावरून काय वाटते' आणि 'आणखी कोणती शक्यता आहे' अशा तीन रकान्यांचा तक्ता भरतात. यातून निरीक्षण आणि अनुमान यांतील फरक स्पष्ट होतो. शेवटचे प्रकरण वाचण्यापूर्वी प्रत्येकाने आपली उकल कारणांसह लिहिल्यास लेखनाचाही सराव होतो.

डॉयल यांच्या 'सिल्व्हर ब्लेझ' (१८९२) या कथेत रात्री तबेल्यातून घोडा नेला जातो, पण तेथील कुत्रा भुंकत नाही. त्यावरून आलेली व्यक्ती कुत्र्याच्या परिचयाची असावी, असे होम्स ताडतो. न घडलेली गोष्टही पुरावा ठरू शकते, हे या प्रसंगातून शिकवता येते. याच कथेत पहारा देणाऱ्या मुलाला जेवणातून अफू दिलेली असते. त्यामुळे 'कुत्र्यालाही काही दिले असेल का?' हा विद्यार्थ्यांचा प्रश्न रास्त ठरतो. तो फेटाळण्यासाठीही कथेतूनच आधार शोधावा लागतो.

भारतीय न्यायदर्शनातील प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन या पाच अवयवांत हेच अनुमान मांडता येते. 'आलेला माणूस ओळखीचा होता' ही प्रतिज्ञा, 'कुत्रा भुंकला नाही' हा हेतू आणि घराची राखण करणारा कुत्रा घरच्या माणसांवर भुंकत नाही, हे उदाहरण होय. पर्वतावरील धूर पाहून अग्नीचे अनुमान करण्याचा पारंपरिक दृष्टान्त याच स्वरूपाचा आहे.

महाराष्ट्रातील शालेय संदर्भ

बालहक्क शिक्षण कायदा, २००९ नुसार प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असणे अपेक्षित आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून प्रसिद्ध होत आहे. ग्रंथालयाचा तास आणि असे उपक्रम या पद्धतीसाठी सोयीचे ठरतात.

डॉयल यांच्या मूळ कथा भारतात प्रताधिकारमुक्त आहेत. अनुवादाचा प्रताधिकार मात्र स्वतंत्र असतो. भागवतांची पुस्तके अद्याप प्रताधिकाराधीन असल्याने ती विकत किंवा ग्रंथालयातून घेऊन वापरावी लागतात.

मर्यादा

काही जुन्या कथांत हिंसेची वर्णने तसेच वंश, वर्ग व स्त्रियांविषयीचे पूर्वग्रह आढळतात. त्यामुळे वयानुरूप निवड आवश्यक असते. कथेतील गुप्तहेराचे अनुमान बहुधा अचूक ठरते, कारण लेखकाने घटनाच तशा रचलेल्या असतात. प्रत्यक्षात एकाच खुणेची अनेक कारणे संभवतात. केवळ वेशावरून किंवा वागण्यावरून कोणावर संशय घेणे हा तर्क नव्हे, ही जाणीव देणे हा या शिक्षणाचा अविभाज्य भाग आहे. वाचनात मागे असलेल्या मुलांसाठी प्रकट वाचन, जोडीने वाचन आणि लहान कथा उपयुक्त ठरतात.

हे सुद्धा पहा

भा. रा. भागवत
बाबूराव अर्नाळकर
फेलूदा
न्यायदर्शन