‘मा इन काती’: चिचेन इत्झाची एका दिवसाची टूर

आज आपण मेक्सिकोत जाणार आहोत, युकातानमध्ये. मी कानकूनहून चिचेन इत्झाची एक दिवसाची गाइडेड टूर केली होती. साधारण २०० किलोमीटरचा प्रवास, आणि वाटेत राज्याची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे. मोबाइलला कळतं, मनगटावरच्या घड्याळाला नाही!

साइटवर हातात दोन तास. मधोमध तो फोटोतला पिरॅमिड, एल कास्तियो. चार बाजूंना ९१-९१ पायऱ्या, वरचा चौथरा धरून ३६५. समोर उभं राहून टाळी वाजवली की पक्ष्याच्या चिरक्यासारखा प्रतिध्वनी येतो. मग सगळे ग्रुप टाळ्याच वाजवत बसतात. दक्षिणेला ‘अकाब झिब’ नावाची इमारत आहे, अर्थ साधारण ‘अंधारातलं लेखन’. दाराच्या वरच्या दगडावर चित्रलिपी कोरलेली आहे. आमची टूर तिकडे गेलीच नाही. बुफे थंड होत होता म्हणे.

परतताना बसमध्ये कुणीतरी तो नेहमीचा प्रश्न विचारलाच, “मग हे माया लोक गेले कुठे?” गाइड म्हणाला, “कुठे म्हणजे? मी सकाळी आईशी फोनवर मायातच बोललो.” खरंय. २०२० च्या जनगणनेत मेक्सिकोत युकातेक माया बोलणारे पावणेआठ लाखांच्या आसपास निघाले. माणसं होती, भाषा होती. गेलं होतं ते वाचन.

ते कसं गेलं, तर त्यासाठी मानी नावाच्या गावाकडे बघावं लागतं. टूरच्या बस तिथे सहसा जात नाहीत. १२ जुलै १५६२ ला दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने तिथे माया देवांच्या मूर्ती आणि हस्तलिखितं जाळली. त्याआधी लोकांचा छळ करून कबुलीजबाब घेतले होते. पुस्तकांत सैतानाच्या थापांशिवाय काही नव्हतं म्हणून जाळली, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आज जगात मायांची फक्त चार जुनी हस्तलिखितं उरली आहेत.

आता गंमत ऐका. या प्रकरणात चौकशीसाठी लांदाला स्पेनला जावं लागलं. तिथे १५६६ च्या सुमारास त्याने युकातानचा वृत्तांत लिहिला आणि त्यात माया ‘वर्णमाला’ दिली. त्याने माया लेखनिकाला स्पॅनिश अक्षरांची नावं सांगून चिन्हं काढायला लावली होती. ‘बी’चं स्पॅनिश नाव ‘बे’. मायात ‘बे’ म्हणजे रस्ता, म्हणून त्याने पाऊलखूण काढली. आमच्या भाषेत सांगायचं तर इनपुटचा फॉरमॅटच चुकला होता. लांदाला एकेक वर्ण हवा होता, समोरचा अख्खी अक्षरं लिहीत होता. त्यामुळे पुढे कित्येक अभ्यासकांनी ती यादी निरुपयोगी ठरवली.

१९५२ मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोवने तीच यादी गंभीरपणे घेतली. माया भूमीवर त्याने तोवर पाऊलही ठेवलं नव्हतं. ‘कु’ आणि ‘त्झु’ मिळून ‘कुत्झ’, म्हणजे टर्की. ‘त्झु’ आणि ‘लु’ मिळून ‘त्झुल’, म्हणजे कुत्रा. शेवटचा स्वर लिहायचा, उच्चारायचा नाही. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपण ‘राम’ लिहितो तेव्हा शेवटच्या ‘म’मधला ‘अ’ कुठे म्हणतो? पण पश्चिमेतल्या बड्या विद्वानांना हे पटायला दशकं लागली. एरिक थॉम्पसन तर १९७५ मध्ये वारला तोवर विरोधातच होता.

म्हणजे ज्याने पुस्तकं जाळली त्याच्याच कागदावरून ती लिपी परत वाचता आली. मला यात ‘काव्यात्म न्याय’ वगैरे काही दिसत नाही. जळलेलं काही परत येत नाही. पण त्या यादीतली सगळी चिन्हं एका माया माणसाच्या हातची होती आणि श्रेय मात्र कायम लांदाच्या नावावर जातं, हे खटकतं.

त्याच पानावर लेखनिकाने एक पूर्ण वाक्यही लिहून दिलंय: ‘मा इन काती’. म्हणजे, ‘मला नको’. लांदाने ते उदाहरण म्हणून अर्थासकट टिपून घेतलं. वैतागून लिहिलं असेल का? मला तरी तसंच वाटतं.

मी गाइडला विचारलं, आज हे कळेल का कुणाला? तो हसायला लागला. म्हणाला, “सकाळी त्या जॅग्वारच्या शिट्ट्या विकणाऱ्यांपुढे म्हणायचं होतंस ना!”