बाहुलीच्या आधी माणूस

आमच्या मोहल्ल्यात एकाच घरी मोटार होती, अँबेसिडर. तिच्या बॉनेटवर थाप मारून अब्बा म्हणायचे, ‘‘याला म्हणतात गाडी! भिंतीवर आदळली तर भिंत पडेल.’’ आत बसलेल्याचे काय होईल, हे आम्ही कुणी विचारले नाही. जगानेही हा प्रश्न उशिराच विचारला.

अमेरिकी वायुदलातले डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी तो स्वतःच्या देहाला विचारला. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोत ते रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर पट्ट्यांनी बांधून घेऊन बसले. वेग ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर. थांबायला लागले फक्त १.४ सेकंद. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेना. पण माणूस जगला. वायुदलाचे जवान विमानांपेक्षा मोटार अपघातांत जास्त मरतात, हे कळल्यावर स्टॅप मोटारींकडे वळले.

डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात मृतदेहांवर प्रयोग झाले. कवटी किती आघाताने फुटते, छाती किती दाब सोसते, हे मोजले गेले. प्राध्यापक लॉरेन्स पॅट्रिक तर स्वतःच घसरगाडीवर बसत. चाचणीतल्या बाहुल्या घडल्या त्या अशा मोजमापांवरून. त्या मृतांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचे ऋण मात्र आपल्यावर आहे.

या साऱ्यातून अब्बांच्या समजुतीला उत्तर मिळाले. झेल घेताना आपण हात मागे नेतो, म्हणून तळवा वाचतो. तसाच गाडीचा पुढचा भाग चुरगळायला हवा आणि माणसाभोवतीचा पिंजरा मात्र अभंग राहायला हवा. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी ही कल्पना मांडली. १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा दिला.

आपल्याकडे डोळे उघडले ते जानेवारी २०१४ मध्ये. ‘ग्लोबल एनकॅप’ने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवल्या. प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले! ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली.

आता टॅक्सीत मागे बसलो की मी सीटच्या फटीत हात घालून पट्टा शोधतो. ड्रायव्हर हसून म्हणतो, ‘‘चाचा, मागे कोण बघतंय?’’ मी पट्टा लावतो. कुणीतरी आपला देह देऊन हे शिकवले आहे, ते फुकट कसे घालवायचे?